अठ्ठावीस मिलिमीटर

थोरल्याने गॅरेजची फरशी तिसऱ्यांदा झाडायला घेतली, तेव्हा त्याच्या बायकोला स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून बघवेना.

"अहो, भाऊ येतोय तुमचा. तपासणी अधिकारी नाही."

थोरल्याने झाडू भिंतीला टेकवला आणि पुन्हा गाडीपाशी येऊन उभा राहिला. गाडी म्हणायची ती सवयीने. खरं तर चार चाकांवर उभा असलेला तो पोलादी नळ्यांचा पिंजरा होता. पुढे एका माणसाला जेमतेम मावेल एवढी बैठक, मागे एक रिकामी चौकट. त्या चौकटीत एकेकाळी मोटरसायकलचं दोन सिलिंडरचं इंजिन बसायचं, आणि तिथून मागच्या आसापर्यंत चेन जायची. लेथवर आयुष्य घालवलेल्या थोरल्याने ती शर्यतीची गाडी याच गॅरेजात बांधली होती आणि धाकट्याने पळवली होती. चौकट रिकामी होऊन एकोणीस वर्षं झाली होती.

ती रिकामी केली आईने. शेवटच्या शर्यतीत गाडी वळणावर सुटली आणि टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. धाकटा म्हणाला, ब्रेक लागले नाहीत. ब्रेक थोरल्याने केले होते. तो म्हणाला, दाबलेच नाहीस तर लागतील कसे? धाकट्याचं मनगट दोन महिन्यांत जुळलं, बोलणं तुटलं ते तुटलंच. वर्षभरात वाटणी झाली. घर थोरल्याला, कोपऱ्यावरचं दुकान धाकट्याला, भांडी निम्मी निम्मी. शेवटी राहिली गाडी. आई म्हणाली, "इंजिन धाकट्याला, बाकीचं थोरल्याला. दोघांनी आपापलं जपायचं. कापाकापी करायची नाही." इंजिनाशिवाय फ्रेम म्हणजे खाटेचा सांगाडा आणि फ्रेमशिवाय इंजिन म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा. आईचा हिशेब साधा होता. अर्धी गाडी घेऊन माणूस किती दिवस बसेल? फार तर वर्षभर. मग एक जण दुसऱ्याच्या दारात जाईलच. आपली पोरं किती दिवस बसून राहू शकतात, हे तिला जन्म देऊनही कळलं नव्हतं. ती गेली त्या दिवशी दोघे भेटले, दोन टोकांना उभे राहिले आणि दोन वाटांनी निघून गेले.

मग सहा आठवड्यांपूर्वी फोन आला. "दादा, मी बोलतोय. घर विकलं. पोरीकडे जातोय, कायमचा. इंजिन तिकडे नेऊन काय करू? निघायच्या आधी आणून देतो. बसवू, एकदा आवाज ऐकू. चारला मी निघेन." विमान गुरुवारचं होतं, म्हणून सोमवार ठरला.

थोरला "ये" म्हणाला. फोन ठेवला आणि तसाच तिथे बसून राहिला. कारण इंजिन त्या चौकटीत बसणार नव्हतं, हे जगात एकट्या त्याला माहीत होतं.

तिसऱ्या वर्षी त्याने फ्रेमचे, इंजिनाला मागून धरून ठेवणारे दोन ब्रॅकेट कापले होते आणि दुसऱ्या इंजिनाच्या मापाचे नवे जोडले होते. जुन्या जागेपासून अठ्ठावीस मिलिमीटर मागे. ते इंजिन त्याने एका दुपारी चालवलं, काढलं आणि भंगारात परत दिलं. त्यानंतर सोळा वर्षं, कोणी विचारो न विचारो, तो सांगत आला होता, "मी फ्रेमला हात लावलेला नाही."

मुलगी आत आली. घरात तिला सगळे मिली म्हणत, कारण लहानपणापासून ती मिलिमीटरशिवाय बोलायची नाही आणि अंदाज मानायची नाही. आता ती एका प्रयोगशाळेत सिमेंटचे ठोकळे दाबून फोडायच्या नोकरीत होती, आणि दोन वर्षं सुटीच्या दिवशी ही फ्रेम घासून, रंगवून, नवे ब्रेक घालून तिने उभी केली होती.

"बाबा, चेनपुली तपासली. तुळई दोनशे किलो सहज घेईल."

"इंजिन पन्नासचंच आहे."

"हो, पण काकासुद्धा लोंबकळले तर?"

बाहेर हॉर्न वाजला.

धाकटा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून आला होता. शर्यती सुटल्यावर त्याने तोच धंदा धरला. टपावर शिकाऊ चालकाची पाटी तशीच होती. मागच्या सीटवर जुन्या पांघरुणात गुंडाळलेलं इंजिन पट्टा लावून बसवलं होतं, एखाद्या घाबरलेल्या विद्यार्थ्यासारखं. शेजारच्या सीटवरून त्याची बायको उतरली, पाय झटकत.

"या गाडीत माझ्याही पायाखाली ब्रेक आहे ना," ती म्हणाली, "वाटभर मीच दाबत आले."

"म्हणूनच उशीर झाला," धाकटा म्हणाला.

दोघे भाऊ समोरासमोर उभे राहिले. सहा आठवड्यांत थोरल्याने दारात म्हणायची बरीच वाक्यं मनात घोटून ठेवली होती. तोंडातून निघालं ते त्यांतलं नव्हतं.

"केस गेले तुझे."

"तुझे आहेत, पण कामाचे नाहीत," धाकटा म्हणाला. "आत घेतोस का इथंच मोजतोस?"

इकडे जावा काल संध्याकाळीच निरोप घेतल्यासारख्या भेटल्या. "गुडघा कसा आहे मग?" धाकटीने विचारलं. "सूज उतरली गं. तू सांगितलास तो पट्टा आणला." थोरला बघतच राहिला.

"दर रविवारी फोन असतो त्यांचा," मिली हळूच म्हणाली. "पहिल्यापासून."

"मला कसं नाही कळलं?"

"भांडण तुमचं होतं," बायको चहाचे कप मांडत म्हणाली. "आम्हाला कोणी वाटणीत बसवलं नव्हतं."

धाकट्याने पांघरूण सोडलं. सिलिंडरच्या पात्यांमध्ये धुळीचा कण नव्हता. बोल्टांना तेलाचा हात होता. प्रत्येक भोकात लाकडाची गुळगुळीत खुंटी ठोकलेली होती, आत काही जाऊ नये म्हणून.

"दर महिन्याला फिरवतो," धाकटा म्हणाला. "चालू नाही केलं कधी. पण जाम होऊ दिलं नाही."

"छान ठेवलंस," थोरला म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

इंजिन चेनपुलीला अडकवलं. थोरला साखळी ओढायला लागला, धाकट्याने दोन्ही हात इंजिनाला लावले, आणि पुढची चार मिनिटं एकोणीस वर्षं कुणाच्या लक्षातच राहिली नाहीत.

"सोड. सोड. अजून."

"बोटभर डावीकडे."

"तुझं बोट का माझं?"

"माझं."

"मग दोन बोटं म्हण. हां. थांब. श्वास घे. सोड."

पुढचे दोन्ही बोल्ट हातानेच आत सरकले. धाकट्याने मान वर केली, आणि थोरल्याला तिथे शर्यतीच्या दिवसांतला भाऊ दिसला, नाकाला काळं लागलेला. हे एवढंच पुरे, त्याला वाटलं. इथेच थांबावं.

"आता मागचे," धाकटा म्हणाला आणि वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. "दादा, भोकातून उजेड दिसत नाही."

"नीट बघ."

"बघतोय. इंचभर सरकलंय."

आता बोलायची वेळ होती. थोरल्याने तोंड उघडलं आणि तो म्हणाला, "इंजिनाचे मागचे कान, बोल्टाच्या भोकांचे, बदललेस का कधी?"

"मी?"

"इतकी वर्षं झाली. पडलं असेल, आपटलं असेल. कुणाकडून जोडून घेतलं असशील, सांगायचं राहून गेलं असेल."

हे शब्द बाहेर पडताना त्याला दिसत होते, आणि परत घेता येत नव्हते. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या आधी त्याची बायको बोलली.

"दादा, हे इंजिन आमच्या झोपायच्या खोलीत होतं. माझ्या कपाटाला जागा नव्हती, पण याला होती. ते आपटलं असतं तर मीच आपटलं असतं, आणि तुम्हाला कळवून आपटलं असतं."

"मिली, मोज," थोरल्याची बायको म्हणाली.

मिलीने व्हर्निअर काढला. गॅरेजच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला मूळ नकाशा होता, थोरल्याच्या तेव्हाच्या अक्षरातला. तिने इंजिनाच्या चारही भोकांची मापं घेतली, नकाशा पाहिला, पुन्हा एकदा घेतली.

"इंजिन बरोबर आहे."

"मग फ्रेम मोज."

मिलीने वडिलांकडे पाहिलं. व्हर्निअर तिने फ्रेमला लावलाच नाही. "फ्रेमचं काय," ती म्हणाली, "इतकी वर्षं उष्णतेने, वजनाने... नळी थोडी सरकू शकते."

ही मुलगी खोटं बोलू शकत नाही, आणि ती आता माझ्यासाठी बोलतेय, थोरल्याला वाटलं. तेही इतकं वाईट.

"बाळा," धाकटा शांतपणे म्हणाला, "उष्णतेने पोलाद इंचभर सरकायला लागलं, तर सगळे पूल नदीत असते." त्याने मागच्या ब्रॅकेटच्या जोडावरून अंगठा फिरवला. रंगाखालची वेल्डिंगची वीण त्याने चाचपली, एकदा इकडून, एकदा तिकडून. "ही तुझीच आहे, दादा. पण तेव्हाची नाही. तेव्हा तुला घाई असायची. ही सावकाश केलीय."

"मी कापले," थोरला म्हणाला.

"कधी?"

"तिसऱ्या वर्षी."

"आणि मी कुठे होते?" थोरल्याच्या बायकोने विचारलं.

"बहिणीकडे. चार दिवस. आईलाही घेऊन गेली होतीस."

धाकट्याने हात पुसले. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, पण आधी आला तो धंद्यातला प्रश्न. "कुठलं इंजिन घातलंस?"

"एका सिलिंडरचं. भंगारातलं."

"चाललं?"

"चाललं. अकरा मिनिटं."

"मग?"

"आवाज बरोबर नव्हता."

"म्हणजे कसा?"

"चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं."

"पण घातलंस कशाला?"

"तीन वर्षं झाली होती. आई रोज दाराकडे बघत बसायची. मला तिचं बघणं बघवेना. म्हटलं, तुझ्यावाचूनही गाडी चालते, हे एकदा दाखवून द्यावं."

"कुणाला?"

"कुणालाच नाही. घरी कोणी नव्हतं."

धाकटा अंगणात निघून गेला. थोरल्याची बायको नवऱ्याकडे वळली. "सोळा वर्षं मी लोकांना सांगतेय, यांनी फ्रेमला हात लावला नाही. आई विचारायच्या तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. मला तरी सांगायचंत."

थोरल्याची बाजू घेतली ती धाकटीने, आणि ते कुणालाच अपेक्षित नव्हतं.

"जाऊबाई, राहू दे. आमच्याकडचे काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. शिकाऊ मुलांना हे आठवड्यातून दोनदा या गल्लीतून नेतात. इतकी वर्षं. विचारलं तर म्हणतात, वळण शिकवायला बरी आहे."

"आपल्या गल्लीत वळणच नाही," मिली म्हणाली.

"तेच तर."

दोघी जावा चहाचे कप घेऊन बाहेर गेल्या. गॅरेजात बापलेक उरले, आणि पुढच्या दोन बोल्टांवर अर्धवट टेकलेलं, साखळीला लटकलेलं इंजिन.

"मला माहीत होतं," मिली म्हणाली. "रंग खरवडला तेव्हाच जुन्या जोडाच्या खुणा दिसल्या. तुम्ही स्वतःहून बोलाल म्हणून थांबले."

"दोन वर्षं?"

"आपल्या घरात दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. पण बाबा, एक कळत नाही. फोन आल्यावर सहा आठवडे होते. वेल्डिंग सेट इथे, पत्रा इथे, नकाशा समोर भिंतीवर. तीन दिवसांचं काम. गुपचूप केलं असतंत तर कोणाला कळलं नसतं. का नाही केलं?"

हा प्रश्न त्याने रोज स्वतःला विचारला होता. रोज सकाळी ग्राइंडर हातात घेतला होता आणि पुन्हा फळीवर ठेवला होता. लाज वाटते, उद्या करू. आता मुलगी समोर उभी होती, आणि तिला पुसट उत्तर चालत नसे.

"बसलं असतं तर अकराला बसलं असतं," तो हळूहळू म्हणाला. "बाराला चालू झालं असतं. एकला जेवण. चारला तो गेला असता, सगळं पुरं करून. मग यायला काही कारणच उरलं नसतं."

"आणि नाही बसलं तर?"

"तर पुन्हा यावं लागेल ना कुणाला तरी."

"गुरुवारी विमान आहे, बाबा."

"हो."

"तुम्ही अगदी आजीवर गेलात," मिली म्हणाली. तिला रडू येत होतं की हसू, हे त्याला कळलं नाही. तिने साखळीवरून हात फिरवला आणि उगाच एक कडी पुसली.

धाकटा परत आला तेव्हा जेवणंही उरकली होती; तो अंगणातच चार घास खाऊन गल्लीच्या टोकापर्यंत एकटा जाऊन आला होता. आल्या आल्या त्याने इंजिनाभोवती एक फेरी मारली.

"नीट करायचं तर किती वेळ?"

"ब्रॅकेट कापायचे, नवे करायचे, इंजिन जागेवर ठेवून वेल्डिंगचे टाके मारायचे, चेनची रेषा जुळवायची. तीन दिवस."

"मग आज होत नाही."

"नाही."

राहा, असं म्हणायचं होतं. तिकीट बदल, म्हणायचं होतं. थोरल्याने खिशातला पाना काढून पुन्हा खिशात ठेवला.

"मग असं कर," धाकटा म्हणाला. "पुढचे बोल्ट आवळ. मागे लाकडाचा ठोकळा घाल आणि पट्ट्याने बांध. मला एकदा बसायचंय."

"आवाजाचं काय?"

"आवाज तू नंतर काढ. वजन तरी जागेवर येईल. मागे वजन नसलं की ही पुढून पोकळ लागते हाताला."

ठोकळा बसला, पट्टा आवळला. चेन जोडलेली नव्हती, त्यामुळे चाकं मोकळी फिरत होती. धाकटा एकेक पाय आत घालत, कण्हत, शिव्या गिळत बैठकीत उतरला आणि मध्येच अडकला.

"गाडी आकसली," तो म्हणाला.

"गाडीचं माप तेच आहे, काका."

"मिले, तुला नवरा मिळायचा नाही."

"मापाचा मिळाला तर करीन."

गॅरेजसमोरून गल्ली खाली उतरत जायची, शंभरेक पावलं, एका बंद गोदामाच्या फाटकापर्यंत. थोरल्याने दोन्ही तळवे मागच्या नळीवर टेकवले आणि रेटा दिला. पहिली पावलं जड गेली. मग वजन हलकं झालं, मग नुसता स्पर्श उरला, आणि मग तोही सुटला. तो चार पावलं धावला आणि थांबला.

गाडी आवाज न करता चालली होती. फक्त टायरांची सरसर, आणि ती पुढे जाईल तशी तीही कमी कमी होत गेलेली. धाकट्याचं टक्कल नळ्यांच्या वर दिसत होतं, किंचित डावीकडे कललेलं, वळण यायच्या आधी तो नेहमी झुकायचा तसं. वळण नव्हतं. शर्यतीच्या दिवशीही थोरला असाच मागे उभा राहायचा, पण तेव्हा गाडी नजरेआड झाली तरी आवाज यायचा, आणि आवाजावरून ती कुठे आहे ते डोळे मिटूनही सांगता यायचं. आता डोळे मिटायची सोय नव्हती. त्याचे हात अजून पुढेच होते, हवेत. ते खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

फाटकाच्या अलीकडे गाडी थांबली. तो चालत तिथपर्यंत गेला.

"ब्रेक लागले," धाकटा समोर बघत म्हणाला.

"मिलीने नवे घातलेत. माझे काढून टाकले."

"बरं केलं."

"हो."

धाकट्याचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. मग थोरल्याने हात दिला आणि त्याला बाहेर ओढलं. दुखऱ्या मनगटाचा हात धरायचा नाही, हे त्याच्या हाताला आपोआप आठवलं.

गाडीला रिव्हर्स गिअर कधीच नव्हता. असता तरी आज उपयोग नव्हता. वर न्यायची तर ढकलूनच. त्यांनी स्टिअरिंग दोरीने सरळ बांधलं आणि दोघे नाकाशी उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. गोदामाच्या कडेला एक वीट पडली होती, ती धाकट्याने उचलून गाडीच्या नाकावर ठेवली. दम लागला की चाकाखाली लावायला.

वरून मिली धावत निघाली. दोन्ही जावांनी तिला एकेका दंडाला धरलं.

"मी ढकलते ना. त्यांना झेपणार नाही."

"बस खाली," तिची आई म्हणाली. "तुला कोणी बोलावलंय?"

"काकू, चार वाजले."

धाकटीने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि बाही त्यावर ओढली. "माझं मागे आहे."

खाली दोघांनी जोर लावला. पंधरा पावलांवर थोरल्याने वीट लावली. दोघे कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"तिकडे थंडी फार असते म्हणे."

"पोरगी म्हणते, घरात कळत नाही."

"गाडी चालवशील?"

"तिकडे दुसऱ्या बाजूने चालवतात. या वयात मलाच पाटी लावावी लागेल."

"शेजारी बसायला कोणी नसेल ब्रेक दाबायला."

"नसेल."

पुन्हा दहा पावलं. थोरल्याचा श्वास अजून नीट होता. तेवढ्यात धाकटा वाकला आणि त्याने वीट चाकाखाली सरकवली.

"दमलास?"

"हो," धाकटा म्हणाला. तो दमलेला दिसत नव्हता. "तू?"

"मीही."

ते उभे राहिले. गल्लीत ऊन तिरपं झालं होतं आणि गाडीच्या नळ्यांच्या सावल्या शेजारच्या भिंतीवर चढल्या होत्या. धाकटा नव्या दिव्याच्या खांबाबद्दल काहीतरी बोलला. थोरल्याने तो कधी बसवला ते सांगितलं. मग त्यांनी पुन्हा ढकललं. घर अजून सत्तर पावलांवर होतं. या खेपेला पाचव्याच पावलाला थोरल्याने वीट लावली, आणि धाकट्याने विचारलं नाही.